गडाच्या पायऱ्या आणि उमाबाई

बर्फाच्या मुलखात स्की खेळणाऱ्यांच्या क्लबांनी डोंगरात निवारे बांधले. आपल्या नाशकात डोंगर चढणाऱ्यांची सोय त्याच्या कितीतरी आधी एका बाईनं केली. सप्तशृंगगडाच्या सुमारे ४७० पायऱ्या १७१० साली उमाबाई दाभाडे यांनी बांधल्या. त्या अभोण्याच्या ठोके देशमुखांची लेक. १७३१ साली डभईच्या लढाईत त्यांचा मुलगा त्र्यंबकराव पडला. धाकटा यशवंतराव लहान होता, म्हणून सेनापतिपदाचा कारभार उमाबाईंनीच पेलला.

२०१८ पासून गडावर ट्रॉली आहे. तरी चैत्रात आम्ही पायीच चढतो, दमलो की पायरीवर टेकतो. इतकी वर्षं टेकलो, पण पायरी कुणाची हे ठाऊक नव्हतं. तुमच्या गावची विहीर, पार कुणी बांधला? म्हाताऱ्यांना विचारा, गटाच्या वहीत लिहून ठेवा.