फ्रान्सच्या 'सिते'मधलं प्रेम आणि गुन्हेगारी: पॅरिसच्या वेशीवरची तरुण मुलं नेमकी कशी जगतात?

४ ऑक्टोबर २००२. पॅरिसजवळच्या व्हित्री-स्यूर-सेन शहरातली एक सरकारी वसाहत. तिथल्या एका इमारतीत कचऱ्याचे डबे ठेवायच्या खोलीत १७ वर्षांच्या एका मुलीला जिवंत जाळण्यात आलं. जाळणारा परका नव्हता, ओळखीतलाच १९ वर्षांचा तरुण होता. त्याचं तिच्या प्रियकराशी भांडण झालं होतं आणि 'या वस्तीत पाऊल ठेवायचं नाही' असं त्याने तिला बजावलं होतं. २००६ मध्ये त्याला २५ वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली.

या घटनेने फ्रान्स हादरला. प्रेमाचं शहर म्हणून जगभर मिरवणाऱ्या पॅरिसपासून काही किलोमीटरवर तरुण मुलामुलींसाठी प्रेम ही इतकी धोक्याची गोष्ट का आहे, असा प्रश्न विचारला जाऊ लागला. त्याचं उत्तर शोधायचं तर आधी या वस्त्या समजून घ्याव्या लागतात.

'बाँलियू' आणि 'सिते' म्हणजे काय?

फ्रेंचमध्ये 'बाँलियू' म्हणजे उपनगर. सगळी उपनगरं गरीब नसतात. पॅरिसला खेटून असलेलं न्यूयी-स्यूर-सेन हे देशातल्या सर्वांत श्रीमंत शहरांपैकी एक आहे. पण बातम्यांमध्ये 'बाँलियू' हा शब्द आला की फ्रेंच माणसाच्या डोळ्यांसमोर येतात त्या 'सिते', म्हणजे स्वस्त भाड्याच्या सरकारी घरांच्या उंचच उंच इमारती.

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये घरांची प्रचंड टंचाई होती. त्यामुळे १९५० ते १९७० च्या दशकांत सार्सेल, ला कुर्नव्ह यांसारख्या ठिकाणी हजारो घरांच्या वसाहती उभ्या राहिल्या. सुरुवातीला इथे फ्रेंच कामगार आणि मध्यमवर्गीय कुटुंबं मोठ्या आनंदाने राहायला आली. घरात न्हाणीघर आणि गरम पाणी ही तेव्हा चैन होती. पुढे ज्यांना परवडलं ते स्वतःचं घर घेऊन निघून गेले. त्यांच्या जागी अल्जेरिया, मोरोक्को, ट्युनिशिया, माली, सेनेगल इथून आलेली कामगार कुटुंबं आली. नेमके त्याच काळात कारखाने बंद पडू लागले.

२०१४ मध्ये सरकारने अशा सुमारे १,५०० वस्त्यांची 'प्राधान्य क्षेत्रं' म्हणून यादी केली. तिथे ५० लाखांहून जास्त लोक राहतात. या वस्त्यांमध्ये गरिबीचं प्रमाण ४० टक्क्यांच्या वर आहे. देशाच्या सरासरीच्या ते जवळपास तिप्पट आहे.

प्रेम करायला जागाच नाही

पोरं मोठी होतात ती याच इमारतींत. घर लहान, भावंडं जास्त. त्यामुळे मुलगे दिवसभर खाली असतात, इमारतीच्या प्रवेशद्वारात, जिन्यात किंवा पार्किंगमध्ये. मुलींना मात्र तिथे रेंगाळायची मुभा नसते. सगळे सगळ्यांना ओळखतात आणि एखादी मुलगी कुणाशी बोलली ही बातमी तिच्या घरी तिच्या आधी पोहोचते.

समाजशास्त्रज्ञ इझाबेल क्लेर यांनी पॅरिस परिसरातल्या अशा वस्त्यांमधल्या तरुणांच्या प्रेमाचा अभ्यास केला. त्यांचं पुस्तक २००८ मध्ये आलं. त्यांच्या मते इथे सगळा खेळ नावाचा, म्हणजे प्रतिष्ठेचा असतो. मुलीवर पहिल्यापासूनच संशय असतो. ती 'तसली' नाही हे तिला रोज सिद्ध करावं लागतं. म्हणून मोठा भाऊ तिच्यावर नजर ठेवतो, कारण तिचं नाव खराब झालं तर त्याचंही होतं.

मुलांवरचं ओझं वेगळं असतं. प्रेमात पडलेला मुलगा मित्रांच्या नजरेत 'बायल्या' ठरू शकतो. त्यामुळे मुलीशी एकटा असताना हळवा असणारा पोरगा टोळक्यात तिला ओळखही दाखवत नाही. बरीच जोडपी मग ट्रेन पकडून पॅरिसच्या मध्यभागी जातात. तिथल्या गर्दीत त्यांना कुणी ओळखत नाही.

हे सगळं या वस्त्यांपुरतंच आहे का? नाही. क्लेर यांनी पुढे फ्रान्सच्या ग्रामीण भागातल्या आणि पॅरिसच्या सुखवस्तू घरांतल्या मुलामुलींचाही अभ्यास केला. २०२३ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकात या तिन्ही ठिकाणांची तुलना आहे. मुलीच्या चारित्र्यावर नजर आणि मुलाच्या पुरुषत्वाची परीक्षा या दोन्ही गोष्टी त्यांना सगळीकडे दिसल्या. त्यांची रूपं तेवढी वेगळी होती.

फरक पडतो तो जागेमुळे. श्रीमंत घरातल्या मुलाकडे स्वतःची खोली असते, आईवडील बाहेर गेले की अख्खं घर रिकामं असतं. 'सिते'मधल्या पोरांना हा आडोसा मिळत नाही.

गुन्हेगारीकडे वाट कशी वळते?

समाजशास्त्रज्ञ मारवान मोहम्मद यांनी २०११ मध्ये टोळ्या कशा तयार होतात यावर पुस्तक लिहिलं. त्यांच्या मांडणीत कुटुंब, शाळा आणि रस्ता असे तीन कोपरे आहेत. शाळेत लवकर मागे पडलेलं आणि घरात जागा नसलेलं पोरगं रस्त्यावर येतं. वर्गात न मिळालेला मान त्याला टोळक्यात मिळतो. तिथे मान मिळवायची साधनं म्हणजे मारामारी, धाडस आणि पैसा.

त्याच रस्त्यावर अमली पदार्थांचा धंदाही असतो. यात कामाची उतरंड ठरलेली असते. सर्वांत खाली असतो पोलीस आले की ओरडून सांगणारा पहारेकरी, बहुतेकदा अल्पवयीन. मार्सेय शहरात त्याला अरबीतून आलेला 'शूफ' हा शब्द आहे. त्याचा अर्थ 'बघ'. वर विक्रेता असतो. माल आपल्या घरी लपवून ठेवणाऱ्या व्यक्तीला 'नुरीस', म्हणजे दाई, म्हणतात. या धंद्याची किंमत मोठी आहे. एकट्या मार्सेयमध्ये २०२३ साली या टोळीयुद्धांत ४९ जणांचा जीव गेला. मेलेल्यांत आणि मारणाऱ्यांत कोवळी पोरं होती.

कधीकधी प्रेम हेच जाळं असतं. 'लव्हर बॉय' म्हणून ओळखला जाणारा तरुण आधी मुलीला प्रेमात पाडतो, भेटवस्तू देतो, घरच्यांपासून तोडतो आणि मग तिला देहविक्रीला लावतो. गिऱ्हाईक सोशल मीडियावरून शोधलं जातं. यात अडकणाऱ्या मुली फक्त गरीब वस्त्यांतल्या नसतात. या शोषणाविरुद्ध फ्रेंच सरकारने नोव्हेंबर २०२१ मध्ये पहिली राष्ट्रीय योजना जाहीर केली.

मुलींचा मोर्चा आणि त्यावरचा वाद

व्हित्रीतल्या त्या खुनानंतर काही महिन्यांतच, १ फेब्रुवारी २००३ रोजी, तिथूनच एक मोर्चा निघाला. तो फ्रान्सभर फिरून ८ मार्चला, जागतिक महिला दिनी, पॅरिसला पोहोचला तेव्हा हजारो लोक त्यात सामील झाले होते. मोर्च्याची घोषणा होती 'ना वेश्या, ना दबलेल्या'. याच नावाने पुढे संघटना उभी राहिली. तिच्या नेत्या फादेला आमारा २००७ मध्ये फ्रान्सच्या मंत्री झाल्या.

मात्र या चळवळीवर टीकाही झाली. त्या काळात वस्त्यांमधल्या सामूहिक बलात्कारांच्या बातम्या सतत छापून येत होत्या. समाजशास्त्रज्ञ लोराँ म्युकिएली यांनी २००५ च्या पुस्तकात दाखवलं की हा गुन्हा नवा नाही, फक्त वस्त्यांपुरता नाही आणि न्यायालयीन आकडेवारीतही त्याचा अचानक स्फोट झालेला दिसत नाही. सगळं खापर स्थलांतरितांच्या मुलांवर फुटतंय, असा त्यांचा आक्षेप होता.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मुलींवरची हिंसा खरी होती आणि ती बोलून दाखवणं गरजेचं होतं. पण त्यातून 'सिते'मधला प्रत्येक मुलगा गुन्हेगार आणि प्रत्येक मुलगी बिचारी, असं ठोकळेबाज चित्रही तयार झालं.

या चित्राचे परिणाम रस्त्यावर दिसतात. फ्रान्समधल्या 'हक्करक्षक' या घटनात्मक संस्थेने २०१७ मध्ये सांगितलं की अरब किंवा कृष्णवर्णीय वाटणाऱ्या तरुणांची पोलिसांकडून ओळख तपासणी होण्याची शक्यता इतरांपेक्षा २० पट जास्त आहे. २७ ऑक्टोबर २००५ ला क्लिशी-सू-बुआमध्ये फुटबॉल खेळून परतणारी मुलं पोलिसांना घाबरून वीज उपकेंद्रात लपली. त्यातली १५ आणि १७ वर्षांची दोघं विजेच्या धक्क्याने मेली. त्यानंतर देशभर तीन आठवडे दंगली उसळल्या आणि सरकारला आणीबाणी लावावी लागली.

पडद्यावरची 'सिते'

माथ्यू कासोव्हिट्झ यांच्या १९९५ च्या 'ला एन' या सिनेमाने ही वस्ती जगाला दाखवली. त्यात तीन मित्र आहेत, पिस्तूल आहे, पोलीस आहेत. प्रेमाला मात्र जवळजवळ जागाच नाही.

अब्देललतीफ केशीश यांच्या २००३ च्या 'लेस्कीव्ह'ने उलटी वाट धरली. वडील तुरुंगात असलेला अबोल क्रिमो वर्गातल्या लीदियावर भाळतो. ती शाळेच्या नाटकात काम करतेय. नाटक आहे १८ व्या शतकातल्या मारिव्हो या नाटककाराचं, मालक आणि नोकर वेष बदलून प्रेमात पडतात असं. तिच्याजवळ जाता यावं म्हणून क्रिमो त्यातली भूमिका मिळवतो, पण संवाद काही त्याच्या तोंडात बसत नाहीत. आणि पोरं आपल्या प्रेमाची भानगड सोडवत असतानाच पोलीस येऊन त्यांची झडती घेतात. २००५ मध्ये या सिनेमाने सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार सेझार पुरस्कार पटकावले.

कायदा काय म्हणतो?

फ्रान्समध्ये १९४५ पासून अल्पवयीन गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा आहे आणि त्याचं तत्त्व 'शिक्षेआधी शिक्षण' असं आहे. ३० सप्टेंबर २०२१ पासून त्याची जागा नव्या संहितेने घेतली. आता न्यायाधीश आधी मुलगा दोषी आहे की नाही हे ठरवतात. मग साधारण सहा ते नऊ महिने त्याच्यावर देखरेख असते आणि त्यानंतर शिक्षा ठरते. या मधल्या काळात तो कसा वागला हे शिक्षा ठरवताना पाहिलं जातं.

प्रेमाबाबतचे कायदेही बदलले आहेत. २००६ पर्यंत फ्रान्समध्ये मुलींच्या लग्नाचं किमान वय १५ होतं. बळजबरीची लग्नं रोखण्यासाठी ते १८ करण्यात आलं. एप्रिल २०२१ च्या कायद्यानुसार प्रौढ व्यक्तीने १५ वर्षांखालच्या मुलाशी ठेवलेला शरीरसंबंध हा बळजबरी सिद्ध न करताही बलात्कार ठरतो. मात्र दोघांच्या वयात पाच वर्षांहून कमी अंतर असेल तर हा नियम आपोआप लागू होत नाही. कोवळ्या वयातलं परस्परसंमतीचं प्रेम गुन्हा ठरू नये म्हणून ठेवलेल्या या सवलतीला तिथे 'रोमिओ-ज्युलिएट कलम' म्हणतात. पैसे देऊन किंवा घरातल्या व्यक्तीने केलेल्या शोषणाला ही सवलत नाही.

प्रेमामुळे सुटकाही होते

गुन्हेगारीत शिरलेली बहुतेक मुलं आयुष्यभर तिथे राहत नाहीत. मारवान मोहम्मद यांनी २०१२ मध्ये संपादित केलेला ग्रंथ नेमका यावरच आहे, की माणसं या वाटेवरून परत कशी येतात. वय वाढतं, तुरुंगाच्या फेऱ्यांचा कंटाळा येतो, सोबतचे मित्र मरतात किंवा आत जातात. अशा वेळी स्थिर नोकरी, जोडीदार, बाप होणं या गोष्टी माणसाला वेगळं आयुष्य देऊ शकतात.

पण त्यासाठी त्या जोडप्याला राहायला घर लागतं, हाताला काम लागतं आणि पत्ता वाचून अर्ज बाजूला न टाकणारा मालक लागतो. हे मिळालं नाही तर नुसतं प्रेम पुरत नाही. जो पोरगा घर करायला निघालेला असतो, तो पुन्हा त्याच इमारतीच्या दारात येऊन उभा राहतो.