पुराआधीचा पैसा : चंद्रपूर–गडचिरोलीतील आपत्ती व्यवस्थापनाची वाटचाल

सावली तालुक्याच्या पूर्वेला वैनगंगा. अलीकडे चंद्रपूर जिल्हा, पलीकडे गडचिरोली. व्याहाडवरून पूल ओलांडला की जिल्हा बदलतो. भाताचा हा मुलूख पावसाच्या दोन्ही टोकांना सारखाच भितो. नदीकाठच्या शेतकऱ्याला श्रावण-भाद्रपदातला पूर झोप लागू देत नाही, तर चढावरच्या बांध्यांना धान गर्भात असताना पडलेली उघडीप बुडवते. या दोन्ही भयांशी मुकाबला करणारी सरकारी यंत्रणा आज जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण या नावाने ओळखली जाते. तिचा कायदा २००५ सालचा असला, तरी तिचे काम त्याहून बरेच जुने आहे.

गोंड राजवटीपासून या भागात तलाव बांधणाऱ्याला मान होता. कोहळी समाजाच्या हातांनी आणि मालगुजारांच्या खर्चाने उभे राहिलेले हे मामा (माजी मालगुजारी) तलाव पूर्व विदर्भात सहा हजारांहून अधिक आहेत. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळून निघाला. त्यानंतर १९०१ ते १९०३ दरम्यान सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रिफ यांच्या अध्यक्षतेखाली सिंचन आयोग बसला. उत्पन्न मिळो न मिळो, दुष्काळापासून बचाव व्हावा म्हणूनही सरकारने पाटबंधारे बांधावेत, हा विचार त्या काळात रुजला. घोडाझरी, नलेश्वर आणि सावली तालुक्यातला आसोलामेंढा हे तत्कालीन चांदा (आताच्या चंद्रपूर) जिल्ह्यातले मोठे तलाव विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत उभे राहिले. संकटाआधी पैसा खर्च करण्याचे या भूमीतले हे ठळक सरकारी उदाहरण.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. पुढे १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर लहान तलावांची देखभाल त्यांच्याकडे आली. हा टप्पा मात्र फारसा गौरवाचा नाही. मालक बदलला, पण पाळीवर माती टाकायला आणि पाट उपसायला गावाने एकत्र येण्याची जुनी वहिवाट कागदावर हस्तांतरित होऊ शकली नाही. तलावांत गाळ साचला, तोट्या गळू लागल्या, बुडित क्षेत्रात अतिक्रमणे झाली. दुरुस्तीचा निधी येई तो तुटपुंजा आणि तोही तुकड्यातुकड्याने. राज्याची पैशाची सोयही मदतीपुरतीच होती. दुसऱ्या वित्त आयोगाने १९५७ मध्ये आपत्ती निवारणासाठी राखीव रकमेची कल्पना मांडली, नवव्या आयोगाने १९९० पासून आपत्ती निवारण निधी दिला. तरी पूर ओसरल्यावर तलाठ्याने पंचनामा करायचा, पिकांची आणेवारी काढायची आणि मग मदत वाटायची, हा क्रम कायम राहिला.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा झाला. सावली चंद्रपुरात राहिली आणि एकाच नदीच्या दोन काठांवर दोन जिल्हाधिकारी बसू लागले. कारभाराच्या दृष्टीने ते योग्यच होते, पण पुराला जिल्ह्याची हद्द कळत नाही. दोन्ही नियंत्रण कक्षांचा एकमेकांशी फोन लागणे ही तेव्हापासूनची गरज होऊन बसली.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरले आणि महाराष्ट्राची सरकारी दृष्टी बदलली. पुनर्वसनाच्या मोठ्या कार्यक्रमाबरोबरच जिल्हावार आपत्ती व्यवस्थापन आराखडे तयार करण्याचे काम हाती घेण्यात आले. भूकंप मराठवाड्यात झाला, पण त्यामुळे पूरप्रवण गावे, रस्ते, नावा, दवाखाने आणि निवाऱ्याच्या शाळा यांची पद्धतशीर नोंद विदर्भातही होऊ लागली. २००४ ची त्सुनामी आणि २६ जुलै २००५ चा मुंबईचा प्रलय यांच्या पाठोपाठ २३ डिसेंबर २००५ रोजी आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण नेमले गेले. जिल्हाधिकारी अध्यक्ष आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष. पोलीस अधीक्षक आणि आरोग्य खात्याचे प्रमुख सदस्य. कायद्याने स्थानिक स्वराज्य संस्थांवरही कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देण्याची, साधने सज्ज ठेवण्याची आणि बांधकामे आपत्तीच्या निकषांत बसवण्याची जबाबदारी टाकली.

कायद्यात जिल्हा पातळीवर दोन निधींची तरतूद होती, एक प्रतिसादासाठी आणि दुसरा सौम्यीकरणासाठी, म्हणजे धोका आधीच कमी करण्यासाठी. पहिल्याला २०१० पासून राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे बळ मिळाले. दुसरा मात्र वर्षानुवर्षे कलमातच राहिला. पूर आला की पैसा आणि पूर नसेल तेव्हा फक्त मान्सूनपूर्व आढावा बैठक, अशी परिस्थिती होती. तरी काम थांबले नाही. १ जूनपासून नियंत्रण कक्ष चोवीस तास सुरू ठेवणे, मदतीचा १०७७ क्रमांक गावोगाव पोचवणे, रबरी बोटी आणि लाइफ जॅकेट तपासणे, पोलीस पाटील आणि कोतवालांमार्फत दवंडी देणे हे सारे तुटपुंज्या पैशांत चालत राहिले.

या काळातले सर्वांत शहाणपणाचे काम बहुधा आपत्ती हे शीर्षक नसलेल्या योजनांनी केले. भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्या भेटतात. पर्लकोटाच्या पुलावर पाणी चढले की तालुका जगापासून तुटतो. म्हणून अशा गावांत नवसंजीवन योजनेखाली पावसाळ्याआधीच धान्य पोचवले जाते आणि माहेरघर योजनेत गर्भवतींना प्रसूतीच्या तारखेआधीच दवाखान्याजवळ आणून ठेवले जाते. शिधावाटप दुकानदार, आशा सेविका आणि बैलगाडीने किंवा डोंग्याने पोती नेणारे गावकरी हे या यंत्रणेचे खरे हात आहेत.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेने यंत्रणेची कसोटी घेतली. मध्य प्रदेशातील अतिवृष्टी आणि संजय सरोवर धरणाच्या विसर्गामुळे गोसीखुर्द धरणाचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले आणि विसर्ग सुमारे ३० हजार घनमीटर प्रतिसेकंदापर्यंत गेला. भंडाऱ्यापासून ब्रह्मपुरी, सावली, गडचिरोलीपर्यंत काठ बुडाले; ब्रह्मपुरी तालुक्यातील लाडज गाव पाण्याने वेढले गेले. बचाव पथकांनी लोकांना बाहेर काढले, पण पाणी सोडण्याची सूचना वेळेत पोचली का, यावर मोठा वाद झाला आणि तो रास्त होता. दोन वर्षांनी, जुलै २०२२ मध्ये, गोदावरी-प्राणहितेच्या पुराने सिरोंचा तालुक्यातील गावे रिकामी करावी लागली. त्या वर्षी राज्याने जिरायती पिकांसाठी हेक्टरी १३,६०० रुपयांची मदत तीन हेक्टरपर्यंत दिली. नुकसान सोसलेल्या शेतकऱ्याला ती हवीच होती, पण पाणी रोखण्यासाठी तिचा उपयोग नव्हता.

पैशाचे खरे वळण पंधराव्या वित्त आयोगाने आणले. २०२१ ते २०२६ साठी देशभरातील राज्यांना आपत्तीसाठी १,६०,१५३ कोटी रुपयांची शिफारस करताना आयोगाने त्यातले २० टक्के सौम्यीकरणासाठी वेगळे काढले. वीज रोखणारे यंत्र, पूरसंरक्षक भिंत, नाला खोलीकरण अशा कामांना आता स्वतःचे लेखाशीर्ष मिळाले. त्यासाठी प्रस्ताव मात्र खालून जावा लागतो. आमचं गाव, आमचा विकास या उपक्रमातून ग्रामपंचायतींना आराखडा करण्याची सवय २०१५ पासून लागू लागली होती, ती इथे कामी आली. आपदा मित्र म्हणून गावागावांतील तरुणांना प्रशिक्षण मिळू लागले आणि २०२३ मध्ये नागपूर विभागात ई-पंचनाम्याचा प्रयोग सुरू झाला.

लोकनियुक्त बाजू मात्र या काळात दुबळी झाली. मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदांची मुदत संपली, प्रशासक आले आणि कायद्याने ज्यांना सहअध्यक्ष केले त्यांची खुर्ची रिकामी राहिली. आराखड्यावर सही करणारे अधिकारी होते, पण तो गावात बोलून पक्का करणारा निवडून आलेला माणूस त्या टेबलावर नव्हता.

आजचे काम नदीकाठी आणि तलावात वाटले गेले आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा नकाशावर आखायची, निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम होऊ द्यायचे नाही आणि दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात ते अटींवरच होऊ द्यायचे, हे पहिले काम. दुसरे काम जुन्याच तलावांचे. गोसीखुर्दच्या उजव्या कालव्याचे पाणी आसोलामेंढ्याला पोचवून त्याची क्षमता वाढवणे आणि मामा तलावांतील गाळ काढणे या दोन्हींचा निधी पाटबंधारे, जलसंधारण, रोजगार हमी आणि जिल्हा नियोजन अशा वेगवेगळ्या दारांतून येतो, आणि तो एकत्र जोडण्याचे कौशल्य तहसील कार्यालये व गटविकास अधिकाऱ्यांना सरावाने आले आहे. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या २०२५ च्या सुधारणेने महानगरपालिका असलेल्या मोठ्या शहरांसाठी शहरी प्राधिकरणाची वाट मोकळी केली. सावलीसारख्या नगरपंचायतीचे शहर मात्र जिल्हा आराखड्याच्याच छत्राखाली राहते, आणि तिथली पावसाळ्याआधीची नालेसफाई, धोकादायक इमारतींची यादी आणि निवाऱ्याच्या जागांची निवड ही कामे नगरपंचायतच दरवर्षी मे महिन्यात हाती घेते.