टाकी, तांबट आणि लेसर

या वीकांताचा विषय जरा तिरपा आहे. लेसर कटिंगची यंत्रं आता पुण्यात बऱ्याच ठिकाणी दिसतात. ट्रॉफ्या, दारावरच्या पाट्या, रुखवतातली नावं, सगळं तिथे कापून आणि कोरून मिळतं. मला मात्र यंत्रापेक्षा त्याच्या सॉफ्टवेअरमधली एक खिडकी जास्त आवडते. 'लाइटबर्न' नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये तिला मटेरियल लायब्ररी म्हणतात. आधी पदार्थ, मग त्याची जाडी, मग काम. उदाहरणार्थ प्लायवूड, ३ मिमी, कापणे. प्रत्येक नोंदीच्या पोटात मोजकेच आकडे असतात: पॉवर किती टक्के, वेग किती, फेऱ्या किती, आणि कोरायचं असेल तर दोन ओळींमध्ये अंतर किती. बास.

दिसायला ही एक साधी यादी आहे. पण थोडा विचार केला की लक्षात येतं, कारागिरी नावाची जी गोष्ट आहे ती बरीचशी याच यादीत असते. डिझाइन कोणीही देतं. गणपतीचं चित्र नेटवर फुकट मिळतं. तोच गणपती ॲक्रिलिकवर, चामड्यावर आणि सागवानावर काढायचा तर प्रत्येक वेळी काय बदलायचं, हे ज्याला कळतं तो कारागीर.

थोडं गणित करूया, फार नाही. ६० वॉटचा किरण सेकंदाला २० मिमी वेगाने सरकला तर दर मिलिमीटरला ३ ज्यूल ऊर्जा मिळते. पॉवर निम्मी करून ३० वॉट केली आणि वेगही निम्मा, म्हणजे १० मिमी, केला तरी उत्तर ३ ज्यूलच. मग परिणामही सारखाच यायला हवा ना? येत नाही. हळू चालणाऱ्या किरणाची उष्णता आजूबाजूला पसरायला जास्त वेळ मिळतो आणि लाकडाची कड जास्त काळवंडते. म्हणजे सूत्र एक आणि लाकडाचं म्हणणं दुसरं. म्हणून चाचणीची जाळी करतात: एका टाकाऊ तुकड्यावर छोटे छोटे चौकोन, आडवी पॉवर वाढत जाते, उभा वेग. जो चौकोन बरा दिसेल त्याचे आकडे लायब्ररीत टाकायचे.

आता समजा, कुरवंड्याच्या पठारावरचा एक काळा दगड या यंत्राखाली ठेवला. कुरवंडे म्हणजे लोणावळ्याच्या कडेचं, नागफणीच्या सुळक्याजवळचं गाव. इथून कुरवंड्याचा घाट कोकणात उतरतो. १६६१ साली कारतलबखान याच वाटेने उतरला आणि २ फेब्रुवारीला खाली उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी त्याला गाठलं, हे ट्रेकर मंडळींना पाठ आहे. तिथला दगड बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. लेसर त्याला कापू शकणार नाही. पृष्ठभाग जरासा वितळेल आणि काळ्यावर पांढुरकी खूण उठेल. नाव कोरायला तेवढं पुरेसं आहे, खोली मिळणार नाही.

गंमत म्हणजे या दगडात खोली कशी मिळवायची याचे 'सेटिंग' याच परिसरात दोन हजार वर्षांपूर्वी तयार होते. कुरवंड्याहून कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी गाडीने तासाभराच्या टप्प्यात आहेत. घाट उतरून राजमाचीच्या पायथ्याला कोंडाणे. कोकणातली बंदरं आणि देश यांना जोडणाऱ्या घाटवाटांच्या भोवती हा सगळा खोदकामाचा पट्टा आहे.

इथे एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. भाज्याचं चैत्यगृह इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातलं. त्याचे खांब नीट बघा, ते सरळ नाहीत, किंचित आत कललेले आहेत. का? तर लाकडी इमारतीत छताचा दाब बाहेरच्या बाजूला ढकलतो, म्हणून खांब आत कलते ठेवतात. दगडात अख्खा डोंगरच एकसंध असतो, तिथे कोणी कोणाला ढकलत नाही. तरी खोदणाऱ्यांनी तो कल तसाच ठेवला. आपल्या भाषेत सांगायचं तर हा लेगसी कोड :-) पदार्थ बदलला, पण जुन्या पदार्थाची सवय डिझाइनबरोबर कॉपी-पेस्ट झाली.

मग कार्ल्याला या. काळ इसवी सनाच्या पहिल्या शतकातला, आकार प्रचंड, सुमारे ३७ मीटर लांब आणि १४ मीटर उंच. आणि खांब सरळ. दोनेकशे वर्षांत कोणीतरी, बहुधा अनेकांनी, दगडाचं म्हणणं ऐकून घेतलं आणि जुना आकडा खोडून नवा लिहिला. तरी वर बघा, छताला लाकडी फासळ्या आहेत, खऱ्याखुऱ्या लाकडाच्या आणि दोन हजार वर्षं टिकलेल्या. दगडी छताला त्यांची काहीही गरज नव्हती. सगळा जुना कोड एकदम काढून टाकायची हिंमत कुठल्याच टीमची होत नाही हे बघून बरं वाटलं.

कातळ खोदण्याचंही वेळापत्रक होतं. अर्धवट राहिलेल्या लेण्यांवरून दिसतं की काम वरून खाली येत असे, म्हणजे छत आधी आणि जमीन शेवटी. त्यामुळे पराती बांधाव्या लागत नाहीत. आधी जाड टोकाच्या हत्याराने मोठे टवके काढायचे, मग बारीक छिन्नीने पृष्ठभाग सारखा करायचा. लेसरवाले म्हणतील, कापायची फेरी वेगळी आणि सफाईची वेगळी. शिवाय एकाच डोंगरात सगळीकडे एक कातळ नसतो. एक थर टणक, दुसऱ्यात बुडबुड्यांच्या पोकळ्या आणि त्यात पांढरी खनिजं. टाकी एका थरात ठणठणीत वाजते, दुसऱ्यात बद्द. हाताला ते कळायचं. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं आपण दगडाच्या बाजूने म्हणतो. घाव किती जोरात आणि कोणत्या कोनात घालायचा, हे माहीत असणाऱ्याबद्दल मात्र म्हण नाही.

नावं मात्र थोडी आहेत, आणि ती वाचताना अंगावर काटा येतो. कोंडाण्याला एका यक्षाच्या मूर्तीजवळ ब्राह्मी ओळ आहे, तिचा अर्थ: कण्हाचा शिष्य बलक याने केले. एवढंच. गुरूचं नाव, स्वतःचं नाव आणि 'केले'. कार्ल्याला धेनुकाकटच्या सामी नावाच्या माणसाचा लेख आहे. वेणुवासाचा मुलगा. चैत्याचं दार त्याचं. आणि त्याचा धंदा काय लिहिलाय? वढकी, म्हणजे सुतार! दगडी दाराशी सुताराचं नाव. लाकडाकडून दगडाकडे ज्ञान कसं गेलं, याचा याहून सरळ पुरावा मला माहीत नाही.

आता सतराशे वर्षं उडी मारू, पण कार्ल्यातूनच. १७९०च्या दशकात पुण्याच्या दरबारात इंग्रजांचा रेसिडेंट चार्ल्स मॅलेट होता. त्याच्यासाठी जेम्स वेल्स हा चित्रकार काम करत होता, आणि शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळाही निघाली. तिथे तयार झालेला एक चित्रकार गंगाराम चिंतामण नवगिरे, तांबट. त्याने कार्ल्याची आणि वेरूळची लेणी कागदावर उतरवली. तांब्यावर हातोडी चालवणाऱ्या जातीतला माणूस दगडाचं काम पेन्सिलीने टिपतोय, हे दृश्यच भारी आहे.

त्याच सुमाराला पुण्यात आणखी एक प्रयोग चालू होता: तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं खोदून पुस्तक छापायचं. नाना फडणवीसांनी या कामाला उत्तेजन दिलं. १८०० साली नाना गेले. काम मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाला गेलं आणि १८०५ साली तिथे भगवद्गीता छापून निघाली.

यात अवघड काय होतं? पुण्याच्या तांबट आळीत तांब्याची माहिती कमी नव्हती. ठोके मारून भांड्याला मजबुती आणि चकाकी आणायची, याला मठारकाम म्हणतात. दानपत्रांचे ताम्रपट तर आपल्याकडे शतकानुशतकं खोदले जात होते. पण ताम्रपट वाचायचा असतो, म्हणून अक्षर सुलटं आणि चर जरा खोल-उथळ झाली तरी चालते. छपाईचा पत्रा म्हणजे निराळंच काम. अक्षर उलटं कोरायचं आणि चरीची खोली सारखी ठेवायची, कारण शाई तिच्यात बसणार आणि तिथूनच कागदावर येणार. पदार्थ तोच, तांबं. काम बदललं आणि जुने सगळे आकडे बाद झाले. म्हणूनच लायब्ररीत नुसतं 'तांबं' लिहून भागत नाही, पुढे 'कशासाठी' तेही लिहावं लागतं.

पण मिरजेच्या त्या गीतेतून छपाईची परंपरा उभी राहिली नाही. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग छापलं ते शिळाप्रेसवर, म्हणजे पुन्हा दगड, पण यावेळी टाकीशिवाय. पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागरमध्ये देवनागरीचे सुबक खिळे तयार झाले, त्यामागे राणोजी रावजी आरू यांचा हात. खिळ्यांचं काम तीन पदार्थांचं: पोलादी ठशावर अक्षर कापायचं, तो ठसा तांब्यात मारून साचा करायचा आणि साच्यात शिशाचा मिश्रधातू ओतायचा. एका 'क'साठी तीन नोंदी.

आणि आता लेसर. पहिला लेसर थिओडोर मायमनने अमेरिकेत १९६० साली चालवला, माणकाच्या कांडीचा. पण पाट्यांच्या दुकानात लाकूड आणि ॲक्रिलिक कापणारा काचेच्या नळीतला लेसर असतो, तो कार्बन डायऑक्साइडचा. तो शोधला चंद्रकुमार नारणभाई पटेल यांनी, १९६४ साली, बेल लॅब्जमध्ये. पटेल यांचा जन्म बारामतीचा, १९३८चा. इंजिनीअरिंग कुठे केलं? पुण्याच्या सरकारी इंजिनीअरिंग कॉलेजात, म्हणजे आपल्या सीओईपीत. तिथून १९५८ साली पदवी घेऊन ते स्टॅनफर्डला गेले. १९९६ साली अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक त्यांना मिळालं. पुण्यात रोज हजारो नेमप्लेट ज्या किरणाने कापल्या जातात, तो पुण्यातच शिकलेल्या माणसाने शोधलाय हे किती जणांना माहीत असेल?

या किरणाची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन. लाकूड, कागद, चामडं, ॲक्रिलिक हे सगळे तो पिऊन टाकतात. आणि तांबं? आरशासारखं परतवून लावतं. ज्या धातूवर आमच्या तांबटांनी गीता कोरली, त्या धातूवर बारामतीकरांचा किरण ओरखडाही काढत नाही. तिथे फायबर लेसर लागतो, सुमारे दसपट आखूड तरंगलांबीचा. भांड्यांच्या दुकानात 'मामाकडून सप्रेम भेट' असं घालून देणारा माणूस स्टीलच्या पातेल्यावर हात रेटतो आणि पितळी वाटीवर सैल सोडतो, त्यातलाच हा प्रकार. पीव्हीसीची नोंद तर लायब्ररीत नसलेलीच बरी. कापताना त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, फुप्फुसं आणि यंत्र दोन्ही खातो.

मग आपण काय करायचं? नोंद नीट करायची, इतकंच. 'प्लाय ६ मिमी' ही नोंद नव्हे. बाजारातली ६ मिमी शीट कॅलिपरने मोजली तर बरेचदा कमी भरते. मरीन प्लायचा गोंद वेगळा, तो लवकर कापला जात नाही. लोणावळ्याच्या पावसाळ्यात ओल धरलेलं लाकूड मे महिन्यातल्या लाकडासारखं वागत नाही. काचेची नळी वर्षागणिक थकते, त्यामुळे आजचे ६० टक्के पुढच्या वर्षी ६० टक्के नसतात, आणि शेजारच्या यंत्रावर तर नसतातच. म्हणून मोजलेली जाडी, तारीख, यंत्र, फोकस आणि हवेचा झोत चालू होता की बंद, हे सगळं लिहायचं. लाइटबर्नमध्ये नोंद डिझाइनला दोन प्रकारे लावता येते. नुसती लावली तर आकड्यांची प्रत होते, पुढे लायब्ररी सुधारली तरी डिझाइनमध्ये जुनेच आकडे राहतात. जोडून ठेवली तर सुधारणा आपोआप येते. भाज्याचे खांब पहिल्या प्रकारचे. :-)

आणि एक शेवटचं. सेटिंग काढणाऱ्याचं नाव टाकायची पद्धत आपल्याकडे नाही. वर्कशॉपमध्ये जो पोरगा दिवसभर टाकाऊ तुकडे जाळून चांगला चौकोन शोधतो, तो नोकरी सोडून गेला की त्याचे आकडे राहतात आणि ते का निवडले हे त्याच्याबरोबर जातं. भाज्यापासून कार्ल्यापर्यंत खांब कोणी सरळ केले, हे आपल्याला कधीच कळणार नाही. नोंदीच्या वर्णनात चार शब्द जास्त मावतात. तिथे त्याचं नाव घाला, कोणाकडून शिकला ते घाला. बलकाने कातळात एवढंच लिहिलं होतं, आणि तेवढ्यावर तो दोन हजार वर्षं टिकलाय.