कृष्णाकाठची रात्र

दिवाळीच्या आगेमागे ५ नोव्हेंबर येतो. त्या दिवशी सांगलीत विष्णुदास भावे गौरवपदक दिलं जातं. भाषणांतून ‘नाट्यपंढरी’ हा शब्द किती वेळा येतो, हे आम्ही मुलं बोटांवर मोजत असू. पंढरी म्हटली की वारी आली, वाळवंट आलं आणि पायरीपाशी थांबलेला चोखोबाही आला. तो मात्र त्या भाषणांत कधी यायचा नाही.

सुरुवात दरबारातली आहे. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ संस्थानाधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी पाहिले आणि तसं काही मराठीत करायला विष्णू अमृत भावे या तरुणाला सांगितलं. १८४३ च्या ५ नोव्हेंबरला ‘सीतास्वयंवर’ झालं. सूत्रधार पदं म्हणणार, पात्रं आयत्या वेळी सुचेल ते बोलणार, राक्षस आरोळ्या ठोकत तलवारी फिरवणार आणि उजेड हिलाल-दिवट्यांचा. आप्पासाहेब १८५१ साली गेले आणि भाव्यांचा आश्रय सुटला. मंडळी गावोगाव फिरू लागली आणि १८५३ मध्ये त्यांनी मुंबईत तिकीट लावून खेळ केले. राजाची मेहेरबानी संपली म्हणून नाटक बाजारात आलं. मला विचाराल तर मराठी रंगभूमीचा खरा वाढदिवस हाच. पण तिकीटविक्रीचा वर्धापनदिन कोण साजरा करणार?

पुढची नावं सगळ्यांना पाठ आहेत. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल, सांगलीचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर, नागठाण्याचे बालगंधर्व. त्यांच्याबद्दल इतकं लिहून झालं आहे की इथे मी भर घालत नाही. एवढंच सांगतो की त्यांची नाटकंही रात्रीच्या लांबीवर बेतलेली होती. ‘वन्स मोअर’ देत देत पहाट व्हायची आणि प्रेक्षक तांबारल्या डोळ्यांनी कामाला जायचे.

याच नदीच्या काठी, वाळवे तालुक्यात रेठरे हरणाक्ष आहे. तिथल्या कुलकर्ण्यांचा श्रीधर १८६६ साली जन्मला आणि पुढे पठ्ठे बापूराव झाला. ब्राह्मणाच्या पोरानं तमाशाचा फड उभा केला, महार समाजातल्या पवळाबरोबर नाव कमावलं आणि त्याची किंमत जातीबाहेर राहून मोजली. सांगलीपासून हाकेच्या अंतरावरचं कवलापूर म्हणजे काळू-बाळूंचं गाव. लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ. त्यांच्या ‘जहरी प्याला’ या वगातले हवालदार आमच्या भागात इतके लाडके होते की खरा हवालदार दिसला तरी लोकांना हसू फुटे.

तमाशा रात्रभर का चाले, याचं उत्तर कलेत कमी आणि रस्त्यात जास्त आहे. जत्रेला माणसं पाच-सात कोसांवरून बैलगाड्या जुंपून आलेली. जेवणं आटोपून दहाच्या पुढे ढोलकी वाजायची. गण, गौळण, बतावणी होईतो मध्यरात्र. अंधारात, उसाच्या फडांमधून बायकापोरं घेऊन परत जायचं कसं? म्हणून वग पहाटेपर्यंत ताणायचा. सोंगाड्या हजरजबाबी असण्याचं एक कारण हेही आहे: सूर्य उगवेपर्यंत त्याला बोलत राहणं भाग होतं.

माझं आजोळ वाळवे तालुक्यातलं. दहा वर्षांचा असताना मामानं मला जत्रेतल्या तमाशाला नेलं. कनातीच्या आत धूळ, विडीचा धूर, गॅसबत्तीची सूं-सूं. मी वग संपायच्या आत झोपलो आणि सोंगाड्यानं नेमकं मलाच उठवलं. सगळा तंबू हसला. परतताना मामा म्हणाला, “सांगलीत आज्जीला सांगू नगंस.” मी सांगितलं नाही. त्याच वर्षी आजीनं मला भावे नाट्यगृहात संगीत नाटकाला नेलं होतं आणि शाळेत त्यावर निबंध लिहायला लावला होता. एका रात्रीवर निबंध आणि दुसरीबद्दल गप्प, हा हिशेब मला पुष्कळ उशिरा कळला.

कृष्णा जिथून मैदानात उतरते त्या वाईत, सातारा जिल्ह्यात, यमुनाबाई वाईकर राहत. त्यांची लावणी बैठकीची. बसून गायची; नाच सगळा डोळ्यांत, भुवईत आणि बोटांत. त्यांना १९७५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०१२ मध्ये, वयाच्या सत्तरी-ऐंशीही मागे पडल्यावर, पद्मश्री मिळाली. २०१८ साली, शंभरी ओलांडून, त्या गेल्या. मान मिळाला, पण ज्या रात्रींवर तो मिळाला त्या तोवर आटल्या होत्या.

रात्र तोडण्याचं काम २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी केलं. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. राज्य सरकारला वर्षातले फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते. नियम वाईट नाही. आजाऱ्याच्या उशाशी कर्णा वाजलेला मीही ऐकला आहे. पण त्यातली एक ओळ वाचून मी थबकलो. बंदिस्त जागांना, म्हणजे सभागृहांना, आतल्या आत आवाजाची मोकळीक आहे. भिंती असलेल्याला रात्र मिळाली, कनातवाल्याची गेली. कुणी मुद्दाम केलं नसेल, पण भिंती कुणाच्या वाट्याला आल्या होत्या हे १८४३ पासून ठरलेलंच होतं. दहाला सुरू होणारा खेळ आता दहाला संपवायचा, तेव्हा वग अर्धा होतो आणि गाणी वाढतात. सोंगाड्याला बोलायला वेळच उरत नाही.

मिरजेची रात्र या दोन्हींत बसत नाही. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या उरुसात पहिला गलेफ चर्मकार समाजाचा असतो. पुढे आवारात गाणं होतं. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, चिंचेच्या झाडाखाली गायले आणि १९३७ मध्ये इथेच त्यांना दफन केलं. त्यांच्या स्मरणार्थ उरुसात गायक-वादक बिदागी न घेता हजेरी लावतात. तंबोरा आणि सतार घडवणारे कारागीर चार गल्ल्यांपलीकडचे, मूळचे हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांच्या घरातले. त्यांच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे तिकीट नाही, ठरलेली जागा नाही. जो आला तो सतरंजीवर, सतरंजी भरली की जमिनीवर.

आजी दर वर्षी जायची आणि मला न्यायची. एका वर्षी शेजारी डोक्यावरचा पदर सावरत एक बाई येऊन बसली. हाताशी मुलगी, पायांत घुंगरांचे वण. जत्रेचा हंगाम उतरला होता, फड मिरजेत थांबला होता. आजीनं तिच्याकडे पाहिलं, सतरंजीचा कोपरा मोकळा केला आणि म्हणाली, “बसा हो, पोरीला मांडीवर घ्या.” गाणं संपेपर्यंत दोघी काही बोलल्या नाहीत. उजाडताना उठलो, स्टँडपर्यंत चालत गेलो. सांगलीची पहिली एसटी लागलीच होती. खिडकीशी बसून आजीनं विचारलं, “तुझ्या मामानं तुला कुठल्या जत्रेत नेलं होतं रे?”