पन्हाळ्यावरील तळी

कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे २० किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून अदमासे ३००० फूट उंचीच्या पन्हाळगडाच्या माथ्यावरील जलाशय. हिमालयात हिमनदीने कोरलेल्या खळग्यांत किंवा तिनेच लोटून आणलेल्या दगडगोट्यांच्या बांधाआड जी सरोवरे साठतात, तशी सह्याद्रीत नाहीत. ज्याचे सर्वोच्च शिखर, कळसूबाई, १६४६ मीटरांवरच थांबते, त्या उष्ण कटिबंधातील पर्वतावर हिमनदीला ठाव कसा मिळावा? येथे तिचे काम पर्जन्याने, जांभ्याने आणि माणसाच्या पहारीने मिळून केले. माथ्यावरील सच्छिद्र जांभा आषाढ-श्रावणातील पाणी शोषून घेतो, आणि ते तळच्या घट्ट थरावर अडून झऱ्यांच्या रूपाने पाझरते.

सोमेश्वर मंदिराजवळचे सोमाळे तळे आणि सादोबा तळे ही यांतील प्रमुख होत. शिवछत्रपतींनी सोमेश्वरास लक्ष सोनचाफ्याची फुले वाहिली, अशी आख्यायिका आहे. मोजदाद कोणी ठेवली, हे विचारू नये. यांखेरीज काळ्या दगडात बांधलेली तीन मजली अंधारबाव असून, तिच्यात पाण्याबरोबर पहाऱ्याची आणि गुप्त वाटेचीही सोय आहे. आमच्या मते गडावरील वास्तूंत अधिक चतुर रचना दुसरी नाही, जरी प्रवाशांची वाहवा बहुधा अंबरखान्याच्याच वाट्यास येते.

डोंगरी किल्ल्याच्या बंदोबस्तात पाण्याचे स्थान कोणते, हे रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्रा’त निःसंदिग्धपणे नमूद केले आहे. पंतांचा जन्म मुलुखगिरीच्या धामधुमीतला आणि त्यांची जहागीर याच प्रांतातील बावड्याची, त्यामुळे त्या लेखनास अनुभवाचे वजन आहे. जागा कितीही दुर्गम असली तरी आधी उदक पाहावे, नसल्यास खडक फोडून टाकी-तळी करावीत आणि एकाच झऱ्यावर विसंबू नये, असे ते बजावतात. कारण युद्धप्रसंगी तोफांच्या दणक्याने झरे क्षीण होतात आणि पाण्याचा खर्च मात्र नेमका तेव्हाच वाढतो. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा मार्चपासून जुलैपर्यंत चालला, तेव्हा कडक उन्हाळ्याचे महिने शिबंदीने गडावरच काढले, हे ध्यानी घेतले म्हणजे तटबुरुजांइतकेच श्रेय या जलाशयांना द्यावे लागते.

गडाच्या पश्चिमेस पसरलेल्या मसाई पठारावर, ज्यावरून त्याच वेढ्यातून निसटलेले शिवछत्रपती विशाळगडाकडे गेले, पाण्याचा प्रकार निराळा आहे. तेथील सड्यावर पावसाळ्यात उथळ डबकी साचतात, आसपासच्या वाड्यांतील गुरे त्यांवर येतात, आणि उन्हे तापू लागली की ती आटतात. पन्हाळ्यावर मात्र बारमाही वस्ती राहिली. करवीर राज्याची गादी १७८२ पर्यंत तेथेच होती.