तास्कामधला समोसा

तर मंडळी, २०११ साली लिस्बनला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. अल्फामाचे चढ चढून पाय भरून आले, म्हणून एका बोळातल्या टपरीवजा दुकानात शिरलो. खाणावळ म्हणावी की गुत्ता, कळेना. चार टेबलं, त्यांवर कागद अंथरलेला, काउंटरवर काचेचं कपाट. अशा जागेला तिथे 'तास्का' म्हणतात. कपाटात खारवलेला कॉड मासा आणि बटाटा यांचे लांबट वडे, आणि त्यांच्या शेजारी चक्क समोसा! नाव 'शमूसा'.

हा तिथे कसा पोचला? आपल्याच वाटेने. १९६१ला गोवा सुटला, १९७५ला मोझांबिक स्वतंत्र झालं, आणि दोन्हीकडची गोंयकार कुटुंबं पोर्तुगालला गेली. त्यांच्या हातचा समोसा काउंटरवर बसला तो बसलाच.

मुळात तास्का हेच उपऱ्यांचं काम. स्पेनच्या वायव्येकडच्या गॅलिशियातून आलेले गरीब लोक लिस्बनमध्ये खांद्यावर लाकडी पिंपं घेऊन पाणी विकत. १८८० साली अल्व्हिएलाचं पाणी कालव्याने शहरात आलं आणि पाणक्यांचा धंदा बसत गेला. कोळशाच्या वखारीही बऱ्याचशा याच लोकांच्या. एका बाजूला कोळसा, दुसऱ्या बाजूला वाइनचं पिंप, आणि पिणाऱ्याला तोंडात टाकायला काहीतरी तळलेलं. तास्काचा 'पेटिश्कु' तो हाच. आपल्याकडे सरळ चखणा म्हणतात, उगाच लाजायचं कशाला! पुढे सालाझारच्या काळात तर वाइन पिणं म्हणजे दहा लाख पोर्तुगीजांच्या भाकरीची सोय, असा प्रचारच होता.

मला तिथे आजी आठवली. (आत्या, तुला आठवेलच.) पाव म्हणजे बाटग्यांचं अन्न, म्हणून ती जन्मभर त्याला शिवली नाही. एकादशीला मात्र बटाट्याची भाजी हवीच. पाव आणि बटाटा, दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडूनच आलेले. एक बाटलेला, दुसरा थेट उपासाला! तिला हे सांगायची माझी हिंमत झाली नसती. तिकडच्या आज्यांनी मात्र आपल्या समोशाला काही विचारलेलं दिसत नाही.

असो. २०१२ला तिथे भाडेकायदा सैल झाला, जुनी भाडी वाढली, वरच्या मजल्यांवर पर्यटक राहू लागले. २०१५पासून नगरपालिकेने जुन्या दुकानांसाठी संरक्षणाची योजना काढली, पण सगळ्यांना ती कुठली पुरायला. २०१८ला मी पुन्हा तो बोळ शोधला, तर तिथे रंगीत डब्यांतल्या सार्डिनचं दुकान. शेजारच्या बाईने नुसते हात हलवले.

शमूसा शेवटी स्टेशनजवळच्या कॅफेत मिळाला. आत चिकनचं सारण, पार गार झालेलं. उभ्याउभ्याच खाल्ला.