पाणी तुपासारखं वापरणारे मोठेभाऊ



आपल्या घरांत पाण्याचा एक धाक असतो. लहानपणी माझ्या हातून तांब्या कलंडला की आजी म्हणायची, तूप सांडलं असतं तर इतकं वाईट वाटलं नसतं. मारवाडातून आलेल्या घरांत ही म्हण अजून जिवंत आहे. त्यात धर्म मिसळला. पाण्यातही जीव आहे, म्हणून ते गाळून घ्यायचं, लागेल तेवढंच घ्यायचं. २५ फेब्रुवारीला भवरलालजींची, म्हणजे जळगावच्या मोठ्याभाऊंची, पुण्यतिथी असते. त्या दिवशी मला आजीचा तो तांब्या हटकून आठवतो.

मोठेभाऊ १२ डिसेंबर १९३७ ला वाकोदला जन्मले. जामनेर तालुक्यातलं, अजिंठ्याच्या पायथ्याजवळचं हे छोटं गाव. घराणं राजस्थानातून येऊन इथल्या मातीत रुजलेलं, शेती करणारं. भाऊ कॉमर्स आणि कायदा शिकले. सरकारी अधिकाऱ्याची नोकरी चालून आली होती. त्या काळात अशी नोकरी म्हणजे घरादाराचं भाग्य! पण आईचा कौल वेगळा पडला. माणसांबरोबर गुराढोरांच्या, पाखरांच्याही पोटाला लागेल असं काम कर, असं आईनं सुचवल्याचं ते सांगत. नोकरी राहिली. १९६३ मध्ये घरच्या तीन पिढ्यांनी साठवलेले ७००० रुपये घेऊन त्यांनी जळगावात रॉकेलचा धंदा सुरू केला. सुरुवातीला हातगाडीवरून रॉकेल विकलं.

घर चालवणारीला हा आकडा नुसता आकडा वाटत नाही. तीन पिढ्यांची बचत म्हणजे किती बायकांनी किती वेळा मन मारलं असेल! असा पैसा हातात घेणारा माणूस तो उधळू शकत नाही.

रॉकेलनंतर ट्रॅक्टर, खतं, बियाणं, पाइप अशा शेतीमालाच्या एजन्सी आल्या. १९७८ मध्ये त्यांनी केळीच्या पावडरचा एक बंद पडलेला कारखाना घेतला आणि तिथे कच्च्या पपईच्या चिकापासून पपेन बनवायला सुरुवात केली. ते परदेशी जाऊ लागलं. १९८० च्या सुमारास पीव्हीसी पाइप आले आणि त्या दशकाच्या अखेरीस ठिबक सिंचन.

ठिबकचा शोध त्यांचा नव्हे. इस्रायलमध्ये सिम्खा ब्लास यांनी ते तंत्र विकसित केलं आणि १९६५ मध्ये तिथल्या एका किबुट्झमध्ये त्याचा कारखाना निघाला. भाऊंनी ते खानदेशातल्या लहान शेतकऱ्याच्या बांधापर्यंत आणलं. पाटानं पाणी सोडलं की निम्मं उन्हात उडतं, मुरतं, तणाला जातं. ठिबकमध्ये नळीला ठरावीक अंतरावर छिद्रं असतात आणि थेंब थेट मुळाशी पडतो. खतही त्याच पाण्यातून देता येतं. जोडीला ऊतिसंवर्धित केळीची रोपं आली. जुन्या कंदाच्या केळीला साधारण १८ महिने लागत, ते पीक ११-१२ महिन्यांवर आलं. रावेर-यावलच्या केळीबागांत हे आता इतकं अंगवळणी पडलंय की कोणी त्याचं नावही काढत नाही.

माझं माहेर धुळ्याचं. आमच्याकडे पांझरेवर जुने फड बंधारे आहेत, काही शतकांपूर्वीचे. फडातल्या सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं आणि पाटकऱ्यानं प्रत्येकाला पाळीनं पाणी द्यायचं. म्हणजे पाणी मोजून वापरायची शिस्त खानदेशला नवीन नव्हती. मोठ्याभाऊंनी ती नळीत भरून ज्याच्या त्याच्या शेतात पोचवली.

आता एक अवघड गोष्ट. भाऊंच्या कंपनीत कांदा वाळवण्याचा कारखानाही निघाला. माझ्या सासूबाई म्हणायच्या, जैन माणसाचा कारखाना आणि तोही कांद्याचा? ज्या घरात कंदमूळ शिजत नाही त्या घरात हा प्रश्न येणारच. श्रावकानं कोणते धंदे टाळावेत याची पंधरा कर्मादानांची यादी आपण प्रतिक्रमणात म्हणतोच की. दुसरीकडे भगवान ऋषभदेवांनी माणसाला असि, मसि आणि कृषि शिकवली, हेही आपणच सांगतो. कंपनी पांढऱ्या कांद्याला किमान भावाची हमी देऊन करारानं लागवड करून घेते. भाव पडला म्हणून कांदा रस्त्यावर ओतणारा शेतकरी मी पाहिलाय, त्यामुळे त्या हमीचं मोल मला कळतं. तरी सासूबाईंचा प्रश्न मी चुकीचा म्हणणार नाही. आमच्या घरात तो अजून तसाच आहे.

चुका भाऊंच्याही झाल्या. नव्वदच्या दशकात कंपनी वित्तसेवांसारख्या, शेतीशी नातं नसलेल्या धंद्यांत उतरली आणि मोठ्या तोट्यात गेली. ती चूक त्यांनी उघडपणे मान्य केली, ते धंदे सोडले आणि पुन्हा शेतीकडे वळले. चुकलं हे चारचौघांत म्हणणं किती जड असतं, हे संवत्सरीला मिच्छामि दुक्कडं म्हणणाऱ्या आपल्याला वेगळं सांगायला नको.

आणि घर? चार मुलं, सुना, नातवंडं असं त्यांचं एकत्र कुटुंब. पत्नी कांताबाई २००५ मध्ये गेल्या. त्यांच्या सहजीवनावर भाऊंनी ‘ती आणि मी’ हे पुस्तक लिहिलं. मोठे उद्योगपती आपल्या धंद्यावर लिहितात, बायकोवर अख्खं पुस्तक लिहिणारे किती? गिरणेवरच्या बंधाऱ्याला आणि जळगावातल्या सभागृहाला आज कांताईंचं नाव आहे. नदी अडवून धरणाऱ्या भिंतीला घर धरून ठेवणाऱ्या बाईचं नाव, हे मला फार आवडतं.

२००७ मध्ये अनुभूती शाळा सुरू झाली, २००८ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१२ मध्ये जैन हिल्सवर गांधीतीर्थ उभं राहिलं. गेला नसाल तर मुलांना घेऊन एकदा जरूर जा. २५ फेब्रुवारी २०१६ ला मुंबईत भाऊ गेले. वय ७८. अंत्यसंस्कार जैन हिल्सवरच झाले. एकेकाळच्या त्या उजाड टेकड्यांवर त्यांनीच हिरवळ आणली होती.

मुलांना अपरिग्रह शिकवायचा म्हणजे काय, असं मला पुष्कळ मैत्रिणी विचारतात. मी त्यांना एवढंच सांगते, आधी नळ नीट बंद करायला शिकवा. आणि मग ७००० रुपयांची ही गोष्ट सांगा.